क्षमेचे पाणी



फुटक्या बाटलीची धारदार काच समुद्र वर्षानुवर्षे घासतो, तेव्हा ती दुधाळ व गुळगुळीत होते. रॉक टम्बलर या छोट्या यंत्राने हेच काम घरी काही दिवसांत होते. त्याच्या पिंपात काचेचे तुकडे, सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड आणि पाणी घालून ते दिवसरात्र फिरवतात. तुकडे एकमेकांवर घासून त्यांच्या कडा बोथट होतात. पाणी नसेल, तर मात्र ते नुसतेच आपटतात आणि टवके उडतात.

घरात आपणही एकमेकांना घासतोच. पण जमिनीच्या वाटणीवरून भावा-भावांचे बोलणे बंद होते, तेव्हा क्षमेचे पाणी आटलेले असते. आधी भावाशी समेट, मग वेदीवर अर्पण, असे प्रभू येशू सांगतो. पुढच्या रविवारच्या मिस्सापूर्वी आपण त्याच्या दारी जाऊ या.