वूयीचा चहा : झाड आणि हात

चीनच्या फूच्येन प्रांतातील वूयी पर्वतात एका कड्यावर ‘दाहोंगपाओ’ या चहाची मूळ मानली जाणारी मोजकी जुनी झाडे आहेत. 2006 मध्ये त्यांची पाने खुडणे थांबवण्यात आले आणि अखेरच्या खुडणीतील 20 ग्रॅम चहा पुढे बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला गेला. त्याच वर्षी हा चहा तयार करण्याच्या कौशल्याला चीनच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत स्थान मिळाले. झाडांची कथा सर्वत्र सांगितली जाते, कौशल्याची क्वचितच. चिनी चहाचे मर्म मात्र या दुसऱ्या गोष्टीत अधिक आहे.

हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलोंग, काळा आणि आंबवून केलेला गडद चहा, हे सारे एकाच जातीच्या झाडापासून होतात, जरी वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1762 मध्ये हिरव्या व काळ्या चहासाठी दोन वेगळ्या जाती कल्पिल्या होत्या. पानाच्या पेशी दुखावल्या की त्यांतील विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने, ऑक्सिजनच्या संयोगाने पानाचा रंग, गंध आणि चव पालटू लागतात. हिरव्या चहात पाने लवकर तापवून ही क्रिया रोखतात, काळ्या चहात ती जवळजवळ पूर्ण होऊ देतात. दाहोंगपाओसारखा वूयीचा ऊलोंग या दोहोंच्या मधला, आणि म्हणून फार अवघड.

तेथे उन्हात कोमेजवलेली पाने बांबूच्या पसरट परड्यांत घेऊन रात्रभर आलटून पालटून हलवतात व विसावू देतात, त्यामुळे कडा तांबूस होतात आणि मध्यभाग हिरवा राहतो. कितीदा हलवायचे याचे कोष्टक नसते, कारण त्या दिवसाचे ऊन, हवेतील दमटपणा आणि पानाची जून-कोवळी अवस्था दरवेळी निराळी असते. हिरवट वास मावळून फुलाफळांचा गंध उमटला की कारागीर पाने तापलेल्या कढईत टाकतो, आणि तो क्षण चुकला तर पुढच्या कोणत्याही संस्काराने ती चूक भरून निघत नाही. पुढे पाने चोळून वळतात आणि राखेने झाकलेल्या कोळशाच्या मंद धगीवर तासन्‌तास भाजतात.

झिजलेल्या खडकाची माती आणि दऱ्यांतील सावली यांचा चवीतील वाटा नाकारता येत नाही. तथापि छाटकलमांनी वाढवलेली झाडे आनुवंशिकदृष्ट्या सारखी असूनही दोन कारागिरांचा चहा वेगळा उतरतो, याचे कारण केवळ मातीत शोधणे अन्यायाचे ठरेल. वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्यूनने 1851 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी चिनी रोपे भारतात आणली, तेव्हा चहा बनवणारे चिनी कारागीरही सोबत आणले होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता वूयीतही बराचसा चहा उष्ण हवेच्या फिरत्या पिंपांत तयार होतो, आणि रात्रीच्या जागरणाचे कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. परंतु मुख्य खुडणी वसंतातील काही आठवड्यांपुरतीच असल्याने शिकाऊ माणसाला नाक आणि बोटे तयार करण्याची संधी वर्षातून तेवढीच मिळते, आणि तेवढ्यातही निर्णय यंत्राकडे सोपवला गेला, तर पुढच्या पिढीला शिकवणारे कोण उरणार, हा प्रश्न आजच विचारायला हवा.