अजाणतां मिळालेला नफा

एखाद्यास दुसऱ्याचें धन मिळालें, तें दुसऱ्याचें आहे हें त्यास ठाऊक नव्हतें, आणि पुढें खरी गोष्ट उघडकीस आली. तर तें परत करणें त्याचें कर्तव्य आहे काय? हा प्रश्न अमेरिकेंतील न्यायालयांपुढें कित्येक वर्षें होता. त्याचा विचार आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

न्यूयॉर्क शहरीं बर्नार्ड मॅडॉफ नांवाचा एक प्रतिष्ठित पेढीवाला होता. नॅसडॅक ह्या मोठ्या शेअरबाजाराचें अध्यक्षपदही त्यानें भूषविलें होतें. लोकांनीं ठेविलेले पैसे आपण शेअर्समध्यें गुंतवितों असें तो सांगे, आणि बाजार चढो वा पडो, दरसाल शेंकडा दहाच्या आसपास नफा दाखवी. वस्तुतः त्या पैशांनीं तो कांहींच खरेदी करीत नसे. सर्व ठेवी बँकेंतील एका खात्यांत पडत, आणि जो मागावयास येई त्यास इतरांच्या ठेवींतूनच पैसे दिले जात. हिशेबाचे खोटे कागद मात्र सर्वांस नियमितपणें पोहोंचत.

सन २००८ च्या मंदींत ठेवीदार सुमारें ७०० कोटी डॉलर परत मागूं लागले. तितकी रक्कम कोठेंच नव्हती. ११ डिसेंबर रोजीं मॅडॉफ यास अटक झाली. कागदावर सुमारें ६,५०० कोटी डॉलर दिसत होते. बुडालेली खरी मुद्दल सुमारें १,७५० कोटी होती. त्यास १५० वर्षांची शिक्षा झाली, व सन २०२१ मध्यें तो तुरुंगांतच मरण पावला.

त्याच्या अपराधाविषयीं वाद नाहीं. वाद उत्पन्न झाला तो निरपराध्यांविषयीं. ज्यांनीं ठेविलें त्याहून अधिक काढून घेतलें होतें, त्यांनीं तें अधिक परत करावें, अशी मागणी न्यायालयानें नेमलेले विश्वस्त अर्व्हिंग पिकार्ड यांनीं केली. यहूदी स्त्रियांची हडासा ही परोपकारी संस्था रुग्णालयें चालविते. तिनें सुमारें ४ कोटी डॉलर ठेविले होते, आणि वर्षानुवर्षें १३ कोटींहून अधिक काढले होते. सन २०१० मध्यें तिनें ४.५ कोटी डॉलर परत करण्याचें मान्य केलें.

कोणी म्हणतील, हा अन्याय नव्हे काय? कपट दुसऱ्यानें केलें. ह्यांनीं कागदावर भरंवसा ठेविला, आणि पैसा सत्कार्यास लाविला. ह्या आक्षेपांत कांहीं तथ्य आहे. परंतु वाचकांनीं आपल्याच गांवचें एक उदाहरण मनांत आणावें. दहा घरांनीं एकाच्या पेंवांत धान्य ठेविलें. माझ्या पेंवांत धान्य वाढतें, असें त्यानें सांगितलें, आणि जो प्रथम आला त्यास दोन पोतीं अधिक दिलीं. पुढें पेंव उघडलें तों रिकामें. आतां ज्याच्या कणगींत तीं दोन पोतीं आहेत त्यास चोर कोण म्हणेल? कोणी नाहीं. पण तें धान्य शेजारणीचें आहे, आणि तिचीं मुलें उपाशी आहेत. हें कळल्यावरही तो कणगीस कुलूप लावील, तर काल जो निर्दोष होता तो आज निर्दोष राहात नाहीं.

अज्ञानानें दोष टळतो, ऋण टळत नाहीं, असें आम्हांस वाटतें. न्यायालयानेंही सन २०११ मध्यें ठेविलेली व काढलेली रक्कम हाच हिशेब खरा धरिला, खोट्या कागदावरील आंकडे धरिले नाहींत. ते धरिले असते, तर कोणास किती मिळावें हें त्या ठकानेंच ठरविल्यासारखें झालें असतें. तथापि न्यायास दयेचीही जोड पाहिजे. ज्यांची परत करण्याची ऐपतच नव्हती, अशांवरील मागणी सोडून देण्याची व्यवस्था विश्वस्तांनीं ठेविली होती, हें योग्यच झालें. ज्यानें दोन पोतीं खाऊन संपविलीं व ज्याचें घर आतां रितें आहे, त्याजकडून तीं ओढून काढणें म्हणजे दुसरें घर बुडविणें होय.

आपल्या मंडळींतही कोणी ठेवीवर मोठ्या व्याजाची आशा दाखविली, तर मूळ रक्कम सुरक्षित आहे काय एवढेंच विचारून थांबूं नये. हें व्याज कोणाच्या श्रमांतून येतें, हेंही विचारावें. उत्तर मिळत नसेल, तर तें व्याज बहुधा शेजाऱ्याच्याच कणगींतून येत आहे असें समजावें, आणि हात आवरावा.