आईचा जीव, गर्भ आणि हेतूचा प्रश्न

गरोदर स्त्रीला वाचवताना गर्भाला होणारा अपाय क्षम्य कधी ठरतो, या प्रश्नावरील धार्मिक उत्तरे यकृताच्या दोन आजारांवर पारखून पाहिली, तर कडक परंपरा आणि उदार परंपरा ही रूढ विभागणी फारशी टिकत नाही.

कॅथलिक नीतिशास्त्रातील ‘द्विपरिणामाचे तत्त्व’ तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनसच्या स्वसंरक्षणविषयक विवेचनातून उगम पावले असे मानतात. कृती मुळात निषिद्ध नसेल, वाईट परिणाम हा हेतूही नसेल आणि साधनही नसेल, तर तो आधी दिसत असूनही तितक्याच गंभीर कारणासाठी ती करता येते, असा त्याचा आशय आहे. यकृताच्या कर्करोगात शस्त्रक्रिया किंवा औषधे गाठीवर रोखलेली असल्यामुळे गर्भपात सर्वस्वी निषिद्ध मानणारी ही परंपराही त्यांना मुभा देते. याउलट ज्यू परंपरेत मिश्ना या ग्रंथाने अडलेल्या स्त्रीचा जीव गर्भाच्या जिवाआधी मानला आणि बाराव्या शतकात मैमोनिडीजने गर्भाला ‘पाठलाग करणारा’, म्हणजे जिवावर उठलेला, ठरवून त्याचे समर्थन केले. परंतु कर्करोगात जिवावर उठते ती गाठ, गर्भ नव्हे, आणि उदार समजली जाणारी ही उपपत्ती नेमकी इथे अडखळते.

सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत वण पडून कठीण होते तेव्हा, चित्र उलटे होते. यकृताकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढून अन्ननलिकेतील नसा फुगतात, आणि गरोदरपणात शरीरातील रक्त साधारण 40 ते 50 टक्क्यांनी वाढत असल्याने त्या फुटण्याचा धोका दुसऱ्या तिमाहीपासून प्रसूतीपर्यंत अधिक असतो. येथे गर्भारपणच संकटात भर घालत असल्यामुळे मैमोनिडीजचा युक्तिवाद निदान अंशतः लागू पडतो, तर गर्भपात हेच बचावाचे साधन होत असल्याने द्विपरिणामाचे तत्त्व त्याला परवानगी देत नाही. (एंडोस्कोपीने त्या नसा बांधून ही कोंडी पुष्कळदा टाळता येते, तत्त्वचर्चेला अशा मधल्या वाटांचा विसर लवकर पडतो.)

दोन्ही उपपत्तींपेक्षा मिश्नाचा मूळ निकष, आईचा जीव आधी, अधिक भक्कम आहे, कारण तो दोषी कोण हे विचारत नाही. उपचार प्रसूतीनंतरपर्यंत पुढे ढकलणे हीदेखील तटस्थता नव्हे, कारण थांबण्याची किंमत तिलाच मोजावी लागते. भारतातील 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसारही स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात तातडीने आवश्यक असेल, तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही, आणि सज्ञान, मनोरुग्ण नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत संमती केवळ तिची लागते. पतीची सही कायदा मागत नाही.