लेथ घेताना ऑपरेटरला विचारा

शारजाच्या औद्योगिक वसाहतीत, जबल अलीच्या फ्री झोनमध्ये आणि अबू धाबीच्या मुसफ्फामध्ये तेल-वायू उद्योगासाठी फ्लँज, व्हॉल्व्हचे भाग आणि पाइपांवरचे आटे करून देणारी मशीन शॉप आहेत. तिथल्या लेथवर भोसरी, सातपूर किंवा शिरोलीत हात घडवून आलेली आपली माणसेही उभी असतात. नवी सीएनसी लेथ घ्यायची ठरली, की जपानी, कोरियन, तैवानी आणि भारतीय कंपन्यांची कोटेशने येतात. चर्चा किंमत, नाव आणि हप्ते यांवर होते. त्या मशीनसमोर जो वर्षानुवर्षे उभा राहणार आहे, त्याला मात्र कोणी बोलावत नाही. ही पद्धत मोडली पाहिजे.

आधी हिशेब पाहू. एका मशीनवर नग 4 मिनिटांत होतो, दुसऱ्यावर साडेतीन. आठ तासांच्या पाळीत पहिली 120 नग देईल, दुसरी 137. कागदावर दुसरी जिंकली. पण एखाद्या सुट्या भागासाठी ती तीन दिवस बंद पडली, तर 411 नग बुडतात. म्हणजे चोवीस दिवसांची आघाडी गेली. म्हणून सर्व्हिस इंजिनिअर दुबईत बसतो की परदेशातून येतो, हा प्रश्न सायकल टाइमइतकाच मोलाचा आहे.

यापुढचे प्रश्न ऑपरेटरच विचारू शकतो. जड कापासाठी बॉक्स वे हवा, की हलक्या, झटपट कामाला लिनिअर गाइड पुरे? डुप्लेक्स स्टीलची लांब चिप चकभोवती गुंडाळली तर ती काढायला वाव आहे का? इथल्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. तापमान 10 अंशांनी वाढले, की 100 मिलिमीटर व्यासाचा पोलादी नग सुमारे 12 मायक्रॉनने फुगतो. दुपारी ऑफसेट का बदलावा लागतो, हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक असते. दाराचा इंटरलॉक बायपास करून वाचवलेल्या सेकंदांची किंमत कोणाच्या बोटांना मोजावी लागते, हेही तोच जाणतो.

मग त्याला का विचारत नाही? डोक्याचे काम वरचे आणि हाताचे खालचे, ही जातिव्यवस्थेने शिकवलेली उतरंड आपण समुद्रापलीकडेही घेऊन आलो. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीचे ज्ञान मागितले होते. राबणाऱ्याच्या कामाला विद्येत जागा हवी, हाच त्या मागणीचा गाभा. आज ती जागा खरेदीच्या बैठकीत हवी. 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेला अमिरातींचा कामगार कायदाही मालकावर कामगारांच्या कौशल्यविकासात गुंतवणूक करण्याची जबाबदारी टाकतो. तेव्हा मशीनसोबतचे प्रशिक्षण ही मेहेरबानी नव्हे.

मराठी मॅनेजरांनो, सुरुवात तुम्ही करा. डेमोला जाताना आपलेच ड्रॉइंग, आपलाच माल आणि आपला सेटर घेऊन जा. नग त्याच्या हातून काढून पाहा. त्याचे मत लेखी घेऊन कोटेशनला जोडा आणि त्याशिवाय ऑर्डरवर सही करू नका. ज्याच्या हातावर शॉप चालते, त्याला न विचारता घेतलेली लेथ कितीही नामांकित असो, तो व्यवहार अन्यायाचा आहे आणि तोट्याचाही.