पाटी कोणाच्या बाजूची?

झाडावर असलेलं फूल चोरता येत नाही. हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या कलम ३७८ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे. दोन्हीकडे स्पष्टीकरण एकच: जमिनीला जोडलेली वस्तू जंगम नसते, म्हणून तिची चोरी होऊ शकत नाही. मात्र ती जमिनीपासून अलग झाली की त्या क्षणापासून होऊ शकते, आणि ते अलग करणं हीच चोरी ठरू शकते. म्हणजे जास्वंदीचा देठ तुटायला जो एक सेकंद लागतो, तेवढ्यात सकाळी फिरायला निघालेले एखादे सभ्य काका कायद्याच्या दृष्टीनं चोर होऊ शकतात.

त्या सेकंदाच्या आधी काकांना थांबवण्यासाठी मालकाकडे एकच स्वस्त साधन आहे. पाटी.

पुण्यातल्या वाचकांना पाट्यांबद्दल वेगळं सांगायला नको. बंगल्याच्या फाटकावर ‘फुले तोडू नयेत’ असते, ‘कुत्र्यापासून सावध राहा’ असते, हल्ली ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’ असते. आणि मग खास पुणेरी, चिमटा काढणारी पाटी असते, जिचा फोटो कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर दर आठवड्याला येतो. आपण हसतो, पुढे पाठवतो. पण या सगळ्या पाट्यांमागे एक प्रश्न आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या माणसाला आपण ओळखत नाही, जो येईल तेव्हा आपण समोर नसू, त्याच्याशी कसं बोलायचं? पाटी लिहिताना आपण त्याला कोण समजतो?

आधी फुलं तोडणाऱ्यांची बाजू ऐकू. ती वाटते तितकी पोकळ नाही. माझ्या आजीचं म्हणणं असं की फूल देवाचं, आणि देवाकडे चाललेलं फूल अडवणारा तूच कोण? बागेची भिंत माणसानं घातली, कळी काही त्यानं घडवली नाही. चोरून आणलेला मनीप्लांटच चांगला वाढतो, असं मानणारी घरं तर सगळीकडे आहेत. तिथे चोरी हा जवळजवळ बागकामाचाच भाग आहे.

पण गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी यांतलं काहीही भक्तीनं दिलं तरी चालतं असं जे सांगितलंय, त्यात जोर ‘देण्या’वर आहे. जे आपलं नाही ते देता कसं येईल? शेजाऱ्याच्या पाकिटातून काढलेले शंभर रुपये दानपेटीत टाकले तर दान कोणाचं झालं? कळी माणसानं घडवली नाही हे खरं. पण मे महिन्यात दोन बादल्या पाणी त्यानंच घातलं, मावा पडला तेव्हा पानं त्यानंच पुसली. इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात रानात आपोआप उगवलेल्या झाडाची फुलं तोडणं ही चोरी धरलेली नाही, विकण्यासाठी तोडली नाहीत तर. बागेतल्या फुलांना ही सूट नाही. माझ्या मते रानातलं आणि बागेतलं फूल वेगळं ठरतं ते कुणाच्या तरी कष्टांनी. ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी त्या कष्टांच्या वतीनं बोलते, म्हणून ती न्याय्य आहे.

आता पुढची पाटी. कुत्रा आहे असं सांगणारी.

ही फार जुनी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात एका घराच्या दारातच जमिनीवर मोझेक आहे. साखळीनं बांधलेला काळा कुत्रा आणि खाली लॅटिनमध्ये ‘कावे कानेम’, म्हणजे कुत्र्यापासून सावध. तेव्हापासून मजकूर बदललेला नाही. पण आपल्याकडे अशा कित्येक फाटकांमागे कुत्रा नसतोच, आणि कित्येक कॅमेऱ्यांच्या पाट्यांमागे कॅमेरा नसतो. आहे तो फक्त पत्रा आणि रंग. खरा कुत्रा पाळायचा तर त्याला खायला घालावं लागतं, पाटीला काहीच लागत नाही.

यात वाईट काय? कुणाचं नुकसान तर होत नाही! कांटनं १७९७ मध्ये खोटं बोलण्यावर एक निबंध लिहिला आणि भल्या हेतूनंसुद्धा खोटं बोलण्याचा हक्क आपल्याला नाही, अशी टोकाची भूमिका घेतली. मला ती भूमिका पेलत नाही. पण त्याची एक कसोटी इथे चपखल बसते: तुम्ही करताय ते सगळ्यांनी केलं तर काय होईल? सगळ्यांनी खोट्या कुत्र्यांच्या पाट्या लावल्या तर त्या पाटीवर कुणाचा विश्वास राहणार नाही. मग एखाद्या खऱ्या कुत्र्याच्या फाटकातून डिलिव्हरीवाला मुलगा बेधडक आत जाईल. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला हा रोग चांगला माहीत आहे. सिस्टिम रात्रंदिवस खोट्या धोक्याच्या सूचना पाठवायला लागली की लोक सूचना वाचणं सोडून देतात, आणि खरी सूचना त्याच ढिगात पडून राहते. खोटी पाटी चोराला फसवते की नाही कोण जाणे. पण ती खऱ्या पाटीची पत खाते, आणि चावा भलत्यालाच बसतो.

मग याच्या उलट करून पाहू. धोका खरा आहे, पण पाटीच नाही. हेही बागेतच घडलंय, आणि त्याचा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. इंग्लंडमध्ये एका माणसाची भिंत घातलेली बाग होती, तिच्यात मौल्यवान ट्यूलिप होते. आधी चोरी झाली होती म्हणून त्यानं बागेत स्प्रिंग गन बसवली. तारेला पाय लागला की गोळी सुटणार. १८२५ मध्ये एका शेजाऱ्याची लांडोर उडून त्या बागेत गेली. तिला आणून द्यावं म्हणून एक तरुण दिवसाढवळ्या भिंत चढून आत उतरला आणि गोळी त्याच्या पायात घुसली. ‘बर्ड विरुद्ध होलब्रुक’ या खटल्यात १८२८ मध्ये निकाल त्या तरुणाच्या बाजूनं लागला. मालकानं पाटी मुद्दामच लावली नव्हती, कारण लावली असती तर चोर हाती लागला नसता. हाच हिशेब त्याला नडला. ज्याला फुलं वाचवायची असतात तो पाटी लावतो. पाटी लपवणाऱ्याला फुलं नको असतात, माणूस जायबंदी झालेला हवा असतो. त्याआधी १८२० च्या एका खटल्यात न्यायालयानं उलट निकाल दिला होता, कारण तिथे बंदुकांची सूचना लावलेली होती आणि आत शिरणाऱ्याला ती माहीत होती. पुढे १८२७ मध्ये संसदेनं अशा बंदुकांवर बंदीच घातली. रात्री राहत्या घराच्या रक्षणापुरती सूट ठेवली.

या दोन टोकांच्या मध्ये पाटीचा खरा स्वभाव दिसतो. पाटी कुलूप नाही. ती कुणाला अडवू शकत नाही, फक्त सांगू शकते. आमच्या धंद्यात याचं एक छान उदाहरण आहे. वेबसाइटवर ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची एक छोटी फाइल असते. माहिती गोळा करत फिरणाऱ्या यंत्रांनी कुठे यावं, कुठे येऊ नये, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. १९९४ पासून ही पद्धत चालत आली आहे. त्या फाइलमध्ये यंत्राला रोखण्याची कसलीही ताकद नाही. तरी इतकी वर्षं इंटरनेटचा बराच व्यवहार तिच्या भरवशावर चालला, कारण वाचणाऱ्यांनी तिचा मान ठेवला. फाटकावरची पाटी अगदी तशीच आहे. ती लिहिणारा धरून चालतो की समोरचा वाचू शकतो, विचार करू शकतो, आणि आलेला हात मागे घेऊ शकतो. काचा लावलेल्या भिंतीला समोरच्याबद्दल एवढा विश्वास नसतो.

म्हणूनच विनोदी पाटीची गंमत फक्त शब्दांत नाही. समजा, एका फाटकावर लिहिलंय: ‘देवाला आमची फुले हवी असल्यास त्याने स्वतः यावे, चहा मिळेल.’ हात पुढे केलेला माणूस हे वाचून हसतो. हसताना पकडलं गेल्याची लाज निघून जाते आणि तो हात खिशात घालून पुढे जातो. ‘चोरांनो, पोलिसात देऊ’ असं लिहिलं असतं तर कदाचित त्यानं इकडेतिकडे बघून दोन फुलं जास्तच तोडली असती. विनोद माणसाला सभ्यपणे मागे फिरायला वाट देतो.

पण प्रत्येक विनोद ही वाट देत नाही. त्या फाटकासमोरून दिवसाला शंभर माणसं जात असतील तर फूल तोडणारा त्यात एखादाच असेल. पाटी मात्र शंभरही जण वाचतात. ‘अक्कल असेल तर’ अशा सुरुवातीची पाटी त्या एकाला टोमणा मारायच्या नादात नव्व्याण्णव जणांना बिनअकलेचं ठरवते. त्यात कचरा गोळा करणाऱ्या मावशी येतात, शाळेत चाललेली पोरं येतात, पत्ता शोधणारा पोस्टमन येतो. फोटो काढून हसायला ती पाटी बरी. रोज तिच्या समोरून कामावर जायला बरी नाही.

सगळ्यात जास्त मला खटकते ती न लावलेली पाटी. पिवळी कण्हेर आपल्याकडे किती कुंपणांवर असते! तिलाच बिट्टी म्हणतात. तिची फुलं पूजेला चालतात, बियांशी मुलं खेळतात. त्या बियांमधलं विष थेट हृदयावर परिणाम करतं, आणि खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. लाल-पांढरी कण्हेरही विषारी, धोतराही, एरंडाची बीसुद्धा. इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलँडमधल्या ॲनिक इथे २००५ पासून खास विषारी वनस्पतींची बाग आहे. तिच्या लोखंडी फाटकावर कवटी आणि हाडांचं चित्र आहे, ही झाडं जीव घेऊ शकतात असं लिहिलंय, आणि वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. चित्र थोडं नाटकी आहे, लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. पण नाटकाच्या आड सांगितलेलं सगळं खरं आहे, आणि ते येणाऱ्याच्या भल्याचं आहे.

आपल्या फाटकावर मात्र ‘सावधान’ हा शब्द आपल्या फुलांच्या रक्षणासाठी येतो. वाचणाऱ्याच्या पोराच्या रक्षणासाठी तो आलेला मी अजून पाहिलेला नाही. मला वाटतं, पाटीची नैतिक परीक्षा घ्यायची तर हीच घ्यावी: लिहिलेलं खरं आहे का, आणि वाचणाऱ्याचं त्यात काही भलं आहे का. ‘फुले तोडू नयेत’ याच्याखाली ‘पडलेली खुशाल न्या’ एवढे तीन शब्द वाढवले तरी पाटीचा सूर बदलतो. प्राजक्ताच्या झाडाखाली तर सकाळी सडाच पडलेला असतो, मालक तो नाहीतरी झाडूनच टाकणार.

आणि कुंपणाला बिट्टी असेल, तर खरं लिहावं. ‘या बिया विषारी आहेत, मुलांना हात लावू देऊ नका.’ विनोद सुचला नाही तरी चालेल. फक्त अक्षर मोठं असावं, आणि शेजारी एक चित्रही काढावं. ज्या मुलांसाठी ही पाटी आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांना अजून वाचता येत नसेल.