पाचांपैकी एक

मनुष्याने स्वतः होऊन अंगावर घेतलेले कष्ट तडीस गेले म्हणजे त्याच्या अंतःकरणात कृतज्ञता आणि खंत या दोन भावना एकाच वेळी उभ्या राहतात. आणि त्यांपैकी पहिली सद्‌गुणात जमा धरावी व दुसरी मनाच्या दौर्बल्यात, अशी आपली सर्वसाधारण वहिवाट आहे. ही वाटणी मला अलीकडे संशयास्पद वाटू लागली असून, त्या संशयाला निमित्त झाली ती पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे ही तीन कर्मे एका दमात करावयास लावणारी ट्रायथलॉन ही शर्यत. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली तिच्या लांब पल्ल्याच्या प्रकाराचे जे अर्धे अंतर प्रथम भरविले गेले, त्या अंतरात समुद्रात १.९ किलोमीटर पोहून, मग ९० किलोमीटर सायकल हाकून, शेवटी २१.१ किलोमीटर धावावयाचे असते, आणि हे सगळे साडेआठ तासांच्या मुदतीत. वणी तालुक्यातील राजूरसारख्या, कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्या यांवर पोट भरणाऱ्या गावी राहणाऱ्या माझ्यासारख्या हौशी इसमाने पुढे केव्हातरी हे अंतर पुरे करावे, याचे कोणास कौतुक वाटले, कोणास वेड वाटले. मला मात्र त्यातून एक जुनाच प्रश्न नव्याने पडला. झालेल्या कर्माचा कर्ता कोण, आणि राहून गेलेल्या कर्माचा अपराधी कोण?

या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या जनकांना असा प्रश्न पडलेला दिसत नाही. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी पूर्ण अंतराची पहिली शर्यत भरविली, तेव्हा पंधरा जण उतरले आणि बारा जण शेवटास पोचले. त्या स्पर्धकांच्या हाती दिलेल्या नियमांच्या कागदावर तिन्ही अंतरे नमूद करून झाल्यावर, उरलेले आयुष्यभर खुशाल बढाई मारावी, अशी सनदच जणू लिहून दिलेली होती. परंतु त्याच दिवशीच्या हकिकतीने ती सनद किती कच्ची आहे हेही दाखवून दिले. प्रत्येकाने आपापले सहाय्यक बरोबर आणावेत असा तेव्हा रिवाज होता. सायकलवरून उतरून धावू लागताना जॉन डनबार आघाडीवर होता. पुढे त्याच्या सहाय्यकांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजून वेळ निभावून नेली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला, आणि डनबार त्याच्यामागून अर्ध्या तासाहून थोड्या अधिक अवधीने. आता बढाईचा हक्क हॉलरचा खरा. पण त्या बढाईत दुसऱ्याच्या रिकाम्या झालेल्या पाण्याच्या भांड्याचा हिस्सा किती, आणि डनबारला आयुष्यभर खंत वाटली असल्यास ती त्याने नेमकी कोणाच्या नावे लिहावी?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. हे पाचही कारणीभूत असताना जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन आहे, असा निर्वाळा त्यापुढे लगोलग दिलेला आहे. शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ लावला; ते शरीर मी घडविलेले नाही, ते आईबापांकडून आले आणि घरच्या अन्नावर पोसले गेले. करणांत इंद्रिये येतातच, आणि हौशी खेळाडूने प्रामाणिकपणे विस्तार केला तर सायकल, ती दुरुस्त करणारा कारागीर आणि जिच्या पात्रात पोहण्याचा सराव झाला ती वर्धा नदीही येते. कोळशाच्या ट्रकांनी काळवंडलेल्या रस्त्यावर पहाटे धावणे, ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हाळ्यात दम टिकवणे, या चेष्टा माझ्या म्हणता येतील. आणि समुद्र त्या सकाळी शांत असावा, चाकाखाली खिळा येऊ नये, हे दैव. एवढ्या मंडळींनी मिळून केलेल्या कर्माची वेळ मात्र एकट्याच्या छातीवरील क्रमांकापुढे लिहिली जाते. शर्यतीच्या दप्तराची ती सोय आहे. अध्यात्माने ती सोय सत्य म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही.

हे एकदा मान्य केले की, खंतेचा एक मोठा भाग आपोआप निकालात निघतो. चढावर आणखी जोर लावला असता तर, पाणी वेळेवर प्यालो असतो तर, अमुक मिनिटे वाचली असती, ही जी शर्यतीनंतर आठवडेच्या आठवडे चालणारी फिर्याद असते, ती ऐकावयास नम्र वाटली तरी तिच्या मुळाशी बढाईचाच अहंकार उलटा होऊन बसलेला असतो. कारण यशाचा मी पाचवा हिस्सेदार असेन तर अपयशाचाही पाचवाच आहे, आणि सगळे अपयश एकट्याच्या नावे चढवून घेणे हेही सर्वस्वी आपणच कर्ते असल्याचा दावा सांगणे आहे. मी चांगले का केले नाही, मी पाप का केले, हा ताप ब्रह्म जाणणाऱ्याला जाळीत नाही, असे तैत्तिरीय उपनिषदात म्हटले आहे. आपल्यासारख्यांना ब्रह्मज्ञान दूर असले, तरी फळाविषयीच्या तापातून सुटण्यास पाच कारणांचे भान बहुधा पुरेसे होते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. कर्तेपण पाच ठिकाणी वाटून टाकणे ही जबाबदारीतून फारकत घेण्याची सोयिस्कर युक्ती तर नव्हे? दैवाच्या माथी मारून कोणीही मोकळा होईल. याचे उत्तर त्याच विचारात आहे, मात्र ते सुखावह नाही. कर्मात इतरांचा हिस्सा आहे हे एकदा कबूल केल्यावर, तो हिस्सा आपण त्यांच्याकडून घेतला कसा, हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्या सरावाच्या पहाटा कोठून आल्या? घरात जी कामे दोघांनी करावयाची ती पत्नीने एकटीने उरकली. वडिलांजवळ बसण्याचा रविवार सायकलवर गेला. कामाची पाळी एखाद्या सहकाऱ्याने मुकाट्याने बदलून घेतली. यांतल्या कोणीही मागणी केली नाही, आणि मीही विचारले नाही. फळाविषयीची खंत ज्या तत्त्वाने खोटी ठरते, त्याच तत्त्वाने ही दुसरी खंत खरी ठरते. पहिलीत मी स्वतःला सर्वस्व मानतो, दुसरीत इतरांचा हिस्सा ओळखतो.

राजूरमध्ये राहून आणखीही एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. चुनाभट्टीच्या धगीपुढे उभा राहणारा मजूर आणि भूगर्भात उतरणारा खाणकामगार रोज जे सोसतात त्याला शेवटची रेषा नाही आणि पदकही नाही. ते कष्ट त्यांनी निवडलेले नाहीत, माझे मी निवडले. सत्कार, मान आणि पूजा यांसाठी केलेले तप राजस असते, चंचल व अस्थिर असते, असे सतराव्या अध्यायात म्हटले आहे. पवनारचे विनोबा १९५१ पासून तेरा वर्षे देशभर पायी हिंडले. त्या चालण्यातून जी जमीन मिळावयाची ती भूमिहीनांच्या नावे लागावी एवढाच त्यांचा आग्रह होता. अंतर तोडणारे पाय त्यांचेही होते आणि माझेही आहेत. भेद आहे तो फळ कोणाच्या नावे जमा व्हावे यात. म्हणून हौशी शर्यत पाप ठरत नाही. ती खेळ आहे, आणि खेळाला मनुष्यजीवनात जागा आहे. तिला तपश्चर्येची पदवी देताना मात्र संकोच वाटावा.

मग या दुसऱ्या खंतेचे करावे काय? शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचे चौथे ऋण सांगितले आहे, आणि ते फेडण्याचा मार्ग विलक्षण साधा आहे: माणसांना आश्रय द्यावा, अन्न द्यावे. शर्यतीच्या रस्त्यावर तळपत्या उन्हात पाण्याचे पेले घेऊन उभ्या असलेल्या स्वयंसेवकांनी नेमके हेच केले होते. घरच्यांचे देणे घरीच, वेळ देऊनच फेडावे लागेल. आभाराचे शब्द त्या वेळेची भरपाई करीत नाहीत, आणि अशी फेड टाळणारी कृतज्ञता केवळ शिष्टाचार होय. पण ज्याने मला पाणी दिले त्याचे नाव मला ठाऊक नाही, चेहराही आठवत नाही. हे देणे मूळ धन्याकडे पोचते करण्याचा मार्गच नाही. ते फेडावयाचे तर ज्याने मला कधी काही दिले नाही अशा कोणा तहानलेल्याला द्यावे लागेल, मग तो पुढच्या वर्षीचा धावपटू असो वा वैशाखात रस्त्याच्या कडेला थांबलेला ट्रकचा चालक. देण्याघेण्याचा व्यवहार याच ठिकाणी संपतो आणि धर्म सुरू होतो, असे मला वाटते.