साथ आणि संगत

गाणे कोणासाठी असते, हा प्रश्न गाणाऱ्याला क्वचितच पडतो. तो पडतो पाहुण्याला. परगावी गेलेल्या मनुष्याने तेथे चाललेले भजन दाराशी उभे राहून ऐकावे, की कोणी टाळ पुढे केला तर आत जाऊन बसावे? वरवर पाहता हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे. पण थोडे खोल गेले की तो नीतीचा होतो. गाण्याकडून आपण केवळ सुख घ्यावे, की त्यात आपलाही काही वाटा उचलावा, असे तो विचारीत असतो.

समुद्रकाठच्या मालवण-कुडाळकडे भजनाची डबलबारी रंगते. दोन बुवा एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात आणि गाव त्यांच्यासाठी रात्र जागवते. मराठवाड्याला समुद्र नाही. आमच्या वाट्याला गोदावरी आली. तिच्या काठी नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला. पुढे महाराजा रणजितसिंहांनी तेथे सचखंड गुरुद्वारा बांधविला, आणि आजही तेथील कीर्तनाचे सूर ऐकत माणसे बसलेली असतात. ज्या गुरू ग्रंथसाहिबातील पदे गायिली जातात, त्याची रचनाच मुख्यतः रागांनुसार आहे, आणि त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. पंजाबातून आलेला यात्रेकरू नांदेडात पाहुणा असेल. पण त्याच्या ओठांवर नामदेवांचे पद आले, म्हणजे यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे ठरविणे अवघड होते. इकडे लातूरजवळच्या औशाला नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा आहे. तेथे गाणारे एका जागी बसत नाहीत. फिरत फिरत गातात.

आता कोणी म्हणेल, ‘थोरामोठ्यांचे उत्तमोत्तम गाणे आज खिशातल्या यंत्रात फुकट मिळते. मग शेजारच्या तात्यांचा घसरलेला पंचम का सोसावा?’ प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर मला लंगरात सापडते. तेथे पोळ्या लाटणाऱ्या साऱ्याच हातांना सराव असतो असे नाही. एखादी पोळी नकाशासारखीही होते. बाजारातून याहून सुबक पोळ्या आणता येतील. पण मग लंगर उरेल का? लाटणारा, वाढणारा आणि जेवणारा एकाच घरचे होतात, यातच त्या अन्नाची गोडी आहे. गुरुद्वारात जमलेल्या समुदायाला ‘संगत’ म्हणतात. आपण मराठीत तबला-पेटीच्या साथीलाही संगत म्हणतो. एकाच शब्दाने माणसांचे जमणे आणि सुरांचे जुळणे, दोन्ही सांगावे, ही भाषेने केलेली मोठीच सूचना आहे.

यावरून बेसूरपणाला अभय मिळाले, असे मात्र कोणी समजू नये. बैठकीच्या गाण्याला वर्षानुवर्षांची तालीम लागते, आणि तेथे आपण गप्प बसणे हीच आपली साथ. पण भजनात खरा दोष कच्चा आवाज हा नव्हे. दुसऱ्याचे न ऐकणे हा आहे. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो तो ठेका बिघडवतो. आपला आवाज कोठे सोडावा आणि कोठे आवरावा, हे टाळकऱ्याला शिकावेच लागते. संसारातही याहून वेगळे काय शिकायचे असते?

पण खरी अडचण पुढे आहे. माणसे रिंगण करून उभी राहिली, की त्यांची तोंडे आत आणि पाठी बाहेर होतात. भजनाच्या या सुंदर रिंगणाने किती जणांकडे पाठ केली! चोखोबांची समाधी पंढरपुरी महाद्वाराबाहेर आहे, आणि ते मंदिर दलितांना खुले व्हायला १९४७ सालचे साने गुरुजींचे उपोषण लागले. गावोगावच्या भजनात बायकांनी दुरूनच ऐकावे, हीही रीत फार जुनी नव्हे. म्हणून एखाद्या गावचे गाणे किती गोड, एवढेच पाहून भागत नाही. तेथे कोणाच्या हाती टाळ दिला जात नाही, हेही पाहावे लागते.

याच्या उलट टोकाला ध्वनिक्षेपक आहे. तो कोणालाच वगळत नाही, पण कोणाला विचारीतही नाही. रात्री दहा ते सकाळी सहा त्याला आवरण्यासाठी २००० साली देशाला नियम करावे लागले. नुसत्या गळ्याचा आवाज असतो तो हाकेच्या अंतरापुरता. ज्याला तो ऐकू येतो तो चार पावले चालून सामील होऊ शकतो, किंवा ‘घरी आजारी माणूस आहे, जरा हळू’ असे सांगू शकतो. ही मर्यादा मला त्या गाण्याचे उणेपण वाटत नाही. तिच्यात शेजारधर्म आहे.

आपल्या भजनातली पेटी तरी कुठली? ती युरोपात घडली. नभोवाणीने १९४० साली तिला दार बंद केले आणि ते १९७१ पर्यंत उघडले नाही; पण देवळातल्या सतरंजीवरची तिची जागा कधी गेली नाही. परक्या पेटीला जागा देणाऱ्यांनी परक्या माणसाला ती नाकारू नये. आणि जागा मिळालेल्या पाहुण्यानेही ‘मला गाता येत नाही’ म्हणून मागे सरू नये.

या दिवाळीत गोदावरीच्या बंदाघाटावर पहाटेचे गाणे ऐकायला जरूर जावे. तेथे श्रोता होण्यात कमीपणा नाही. पण घरी परतल्यावर फराळाची ताटे मांडताना आजीला एखादी ओवी म्हणायला सांगावी, आणि ती थांबेल तेथे आपण सूर धरावा. तो नेमका लागेलच असे नाही. पण आजीला साथ मिळेल.